तलावात पाणी दिसतंय, मग नळाला का नाही?

मे महिन्यात शेजारच्या काकू नातवंडांना घेऊन बडोद्याजवळच्या आजवा तलावाची बाग बघून आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात उभ्या. "काय रे, तू पंपवाला ना? तिकडं तर पाणीच पाणी आहे. मग तलाव आटला, तलाव आटला म्हणून लोक ओरडतात कशाला?"

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या माणसाला आजवा म्हणजे घरचाच विषय. पावसाळ्यात बडोद्यात लोक एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, आजव्याची पातळी विचारतात, तीही फुटांत. तेव्हा काकूंना चहा दिला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या दिवशी जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो आहे.

आजवा म्हणजे सयाजी सरोवर. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी बांधवून घेतलं, आणि १८९२ मध्ये त्याचं पाणी शहरात आलं. शहराच्या पूर्वेला, जरा चढावर. त्यामुळे पाणी आपलं आपण उतारानं निमेट्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे येतं. उताराचं पाणी म्हणजे फुकटचं पाणी, पंप नाही की विजेचं बिल नाही. पण अशा कुठल्याही तलावाला एक मेख असते. पाणी बाहेर पडायचं तोंड एका ठरावीक उंचीवर बांधलेलं असतं. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की तलावात समुद्र दिसला तरी थेंब बाहेर येत नाही. पिंपाची तोटी तळापासून चार बोटं वर असते, तसंच. त्या चार बोटांच्या पाण्याला इंजिनिअर लोक मृतसाठा म्हणतात. नाव भयंकर आहे, पण पाणी चांगलं जिवंत असतं, फक्त उचलावं लागतं.

"मग उचला की," काकू म्हणाल्या. "काठावर मोटर ठेवायची आणि पाइप सोडायचा आत."

सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं, आणि इथंच गाडी अडते. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण पंप ओढत नाही. तो पाइपातली हवा कमी करतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब फार तर १०.३ मीटर उंचीचं पाणी तोलू शकतो, जगातला कुठलाही पंप आणा. बडोदं जवळजवळ समुद्रसपाटीवरच आहे, म्हणून निदान हे १०.३ तरी पुरते मिळतात. आता त्यातून वजाबाकी करा. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्याची वाफ व्हायची ओढ, अर्धा मीटर. सक्शन पाइपातलं, म्हणजे पंपाकडे पाणी नेणाऱ्या पाइपातलं, घर्षण, एक मीटर. आणि पंपाच्या तोंडाशी पाणी उकळल्यासारखं फुटू नये म्हणून पंपालाच लागणारा दाब, थोडी सूट धरून साडेचार मीटर. उरले ४.३ मीटर. म्हणजे काठावरचा पंप पाण्याच्या पातळीपासून सव्वाचार मीटरच्या आतच हवा. तलाव पाच-सहा मीटर खाली-वर होत असेल तर पंप आज बरोबर जागी, महिन्यानं उंच, आणि पावसाळ्यात पाण्याखाली.

दुसरा मार्ग जॅकवेलचा. तलावात किंवा काठाला खोल विहीर बांधायची, तळाशी पाणी आत घ्यायचं आणि वर मोठे उभे पंप बसवायचे. पन्नास वर्षांचं काम असेल तर मी डोळे मिटून जॅकवेलच सांगेन. पण त्याला दोन-दोन उन्हाळे लागतात, आणि तहान याच उन्हाळ्यातली असते. नदीच्या वाळूत आणखी एक सुंदर युक्ती चालते, ती बडोद्याला चांगली माहीत आहे. मही नदीत फाजलपूर, रायका, पोईचा आणि दोडका इथं फ्रेंच वेल आहेत. (दोडका हे गावाचं नाव. काकूंना ते ऐकून दर वेळी हसू येतं.) खोल गोल विहीर, आणि तिच्या तळाशी वाळूत चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे भोकांचे पाइप. वाळूतून गाळूनच पाणी आत येतं. पण त्याला नदीची जाड वाळू लागते. तलावाच्या चिकणमातीत हे चालत नाही.

मग उरतो तराफा. पंपालाच पाण्यावर ठेवायचं. पातळी खाली गेली की पंपही तेवढाच खाली, वर आली की वर. पाणी आणि पंप यांच्यातलं अंतर कधी बदलतच नाही. सव्वाचार मीटरचं भांडण मुळातच मिटतं.

एवढं ऐकलं की लोकांना वाटतं काम झालं. पंप निवडायचा, खाली पिंपं बांधायची, सोडून द्यायचा. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, इतकी वर्षं काढल्यावर मी एवढं सांगू शकतो की तरंगत्या पंपात पंप हा सर्वांत कमी त्रासाचा भाग. त्रास असतो तो हलणारी वस्तू न हलणाऱ्या काठाला जिथं जिथं जोडलेली असते तिथं. पाइप, दोर आणि केबल. बिघडलेले जेवढे तराफे मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत पंप बिचारा धडधाकट होता.

तरी आधी तराफाच बघू, कारण आकडे समोर आले की पुढचं सोपं होतं. समजा रोज दीड कोटी लिटर पाणी हवं, पालिकेच्या भाषेत १५ एमएलडी. पंप दिवसाला २० तास चालणार, तर तासाला ७५० घनमीटर, सेकंदाला साधारण २०८ लिटर. दोन पंप चालू आणि एक राखीव, म्हणजे प्रत्येकी १०४ लिटर. पाणी काठावरच्या टाकीत १२ मीटर चढवायचं आणि पाइपातल्या घर्षणाचे ६ मीटर, असं १८ मीटर हेड. गुणाकार केला की प्रत्येक पंपाला ३० किलोवॅटची, म्हणजे ४० एचपीची मोटर येते. काही विशेष नाही, एवढ्या मोटरी शेतावरही दिसतात.

आता वजन. तीन पंपसेट व्हॉल्व्हसकट अडीच टन, लोखंडी सांगाडा आणि फळ्या तीन टन, हेडर पाइप (सगळ्या पंपांचं पाणी एकत्र करणारा) आणि त्यातलं पाणी सव्वा टन, बाकी किरकोळ आणि हत्यारं घेऊन चढलेली पाच-सहा माणसं. झाले आठ टन. रिकामं पातेलं हौदात दाबून बघितलंय ना? जेवढं पाणी ते बाजूला सारतं तेवढ्या वजनानं पाणी त्याला उचलतं. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, त्यामुळे आठ टन तोलायला आठ घनमीटर फ्लोट, म्हणजे तराफ्याखालचे तरंगते डबे, पाण्यात बुडाले पाहिजेत. पण आठच घेतले तर फळी पाण्याच्या रेषेत येईल. म्हणून दुप्पट घ्यायचे, सोळा. फ्लोट अर्धे बुडतात, अर्धे वर. इथं काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, सरळ काम सोडतो.

तेवढेच फ्लोट, पण कसे मांडले यावर सगळं अवलंबून. आठ मीटर लांबीचे, सव्वा मीटर रुंदीचे, ८० सेंटिमीटर उंचीचे दोन लांबट फ्लोट घ्या. शेजारी शेजारी चिकटवून ठेवले तर अडीच मीटर रुंदीचा एक ठोकळा होतो. तेच दोन्ही कडांना नेले आणि मध्ये मोकळं पाणी ठेवलं तर पाच मीटर रुंदीचा तराफा. फ्लोट तेच, खर्च जवळपास तोच, पण कलल्यावर परत सरळ करायला पाण्याकडून मिळणारा आधार दुसऱ्या मांडणीत सातपट. दुरुस्तीसाठी अर्धा टनाचा पंप चेन ब्लॉकनं (साखळीच्या कप्पीनं) उचलून कडेला आणला, तर रुंद तराफ्याची ती कड जेमतेम सात सेंटिमीटर खाली जाते. चिकटवलेल्या ठोकळ्यावर हाच उद्योग केला तर माणसं, पंप आणि चेन ब्लॉक असे सगळे एकदमच पोहायला लागतात.

पोकळ फ्लोटचा आणखी एक छुपा दोष आहे. बारीक छिद्रातून थोडं पाणी आत गेलं तर भीती त्या पाण्याच्या वजनाची नसते. परातीत दोन तांबे पाणी घेऊन घरभर चालून बघा. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि ती आणखी कलते. तेच पाणी बाटलीत असतं तर काही झालं नसतं. म्हणून चांगल्या फ्लोटमध्ये आडपडदे असतात, किंवा तो सरळ फोमनं ठासून भरतात. भोक पडलं तरी पाणी शिरायला जागाच नाही.

आता पाइप. दोन्ही पंपांचं पाणी ४०० मिलिमीटर व्यासाच्या एकाच पाइपातून काठाला न्यायचं. वेग सेकंदाला १.६५ मीटर, ठीकठाक. पाइप एचडीपीई नावाच्या प्लास्टिकचा असतो, काळा, जरा वाकणारा, आणि पाण्याहून किंचित हलका. पाण्यानं भरला तरी बुडत नाही, पण लोखंडी फ्लँज (पाइपाच्या टोकाच्या, नट-बोल्टनं जोडायच्या चकत्या) आणि जोड त्याला खाली ओढतात, म्हणून ठराविक अंतरावर त्यालाही फ्लोट बांधतात.

पातळी खाली गेली की पाइप कमी पडेल अशी भीती लोकांना असते. हिशेब करून बघा. काठापासून ६० मीटरवर तराफा आहे आणि पाणी ६ मीटर उतरलं, तर तिरकं अंतर ६०.३ मीटर. फरक फक्त ३० सेंटिमीटरचा. खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडचे तलाव ताटासारखे पसरट. पाणी सहा मीटर खाली जातं तेव्हा काठ शेकडो मीटर मागे सरकतो आणि ६० मीटरवरचा तराफा चिखलात बसतो. म्हणजे पाणी नुसतं खाली जात नाही, दूरही जातं. म्हणून तलावाचा तळ मोजल्याशिवाय, कुठल्या पातळीला पाणी कुठं उरतं याचा नकाशा हातात असल्याशिवाय, पाइपाची लांबी ठरवायची नाही. होडीतून दोरीला वजन बांधून दोन दिवस मोजलं तरी चालतं, पण मोजायचं.

आणि तराफा जिथं पाइपाला जोडतो तो सांधा. इथं माझी स्वतःची फजिती सांगायला हवी. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कारखान्याच्या तळ्यावर आम्ही छोटा तराफा उतरवला होता. तराफ्याच्या हालचालीनं पाइपाला ताण बसू नये म्हणून मध्ये रबरी बेलो, म्हणजे घड्यांची लवचीक नळी, लावलेला. त्याच्या दोन्ही फ्लँजना धरून ठेवणारे टाय रॉड त्या दिवशी आलेच नव्हते. आम्ही म्हटलं, चाचणीच तर आहे. पंप सुरू केला, आणि तराफा हळूच, एखाद्या म्हशीसारखा, काठापासून लांब निघाला. दोर ताठ झाले, बेलो बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा लांबत गेला. आमचा फिटर ओरडला, "बंध करो, बंध करो!" बटणापर्यंत हात जाईस्तोवर बेलो फाटला होता आणि पांढऱ्या फवाऱ्यानं आम्ही सगळे न्हालो होतो.

झालं काय? जत्रेत कागदाची गुंडाळलेली पुंगी मिळते, फुंकली की सरळ लांब होते. आत दाब आला की लवचीक नळी लांब व्हायला बघते. आपल्या ४०० मिलिमीटरच्या पाइपात १८ मीटरचा दाब असेल तर हा जोर भरतो सव्वादोन टन. व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप सुरू केला तर दाब वाढून तीन टनांपर्यंत. एवढा जोर घ्यायला कोणी नसेल तर तो तराफ्यावर आणि दोरांवर येतो. टाय रॉड लावले की तो जोर रॉडांतच जिरतो, आणि बेलोला फक्त वाकायचं काम उरतं. चार रॉड आणि आठ नट. त्या दिवसापासून माझ्या चाचणीच्या यादीत पहिली ओळ तीच.

दोरांचं गणितही गमतीचं आहे. तळाला नांगर म्हणून काँक्रीटचे ठोकळे टाकतात. एक टनाचा ठोकळा टाकला म्हणून निवांत झोपू नका. पाण्यात तो ५८० किलोचाच उरतो, आणि चिखलावर आडवा ओढला तर त्याच्या साधारण निम्म्या जोरालाच सरकू लागतो. उलट बाजूला वारा. इमारतींच्या वाऱ्याच्या भारतीय मानकात बडोद्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. तराफ्याच्या बाजूचा, पंप आणि कठड्यांसकट, १६ चौरस मीटर भाग वाऱ्यापुढे असेल तर जोर जवळजवळ दोन टन. म्हणजे एका टनाचे चार ठोकळे कमीच पडतात.

ठोकळा किती लांब टाकायचा? समजा तलाव भरलेला असताना तिथं आठ मीटर खोली आहे आणि उन्हाळ्यात तीनच उरते. ठोकळा तराफ्यापासून आडवा आठ मीटरवर टाकला आणि भरल्या तलावात दोर ताठ केला, तर उन्हाळ्यात तो ढिला पडून तराफा तीन मीटर भटकेल. तोच ठोकळा वीस मीटरवर टाकला तर भटकणं सव्वा मीटरवर येतं. दोर लांब तितका तराफा जागेवर, ऐकायला उलटं वाटतं पण आहे असंच.

उलट बाजू मात्र धोक्याची. उन्हाळ्यात दोर ढिले पडले म्हणून कोणी शहाणा ते ताणून बांधतो. मग पाऊस येतो. बडोद्यात पाणी किती झपाट्यानं चढतं हे २०२४च्या ऑगस्टात ज्यानं विश्वामित्री नदी घरात शिरताना पाहिली त्याला सांगायला नको. पातळी चढते, दोर आखूड, आणि चारी कोपऱ्यांना धरून ठेवलेला तराफा जागच्या जागी बुडतो. म्हणून पहिल्या पावसाच्या आधी दोर सैल करायचे, हे कागदावर नाही, भिंतीवर रंगानं लिहून ठेवावं.

पातळी बदलते तसं पंपाचं कामही बदलतं, हे बरेच जण विसरतात. सक्शन कायम राहतं, पण काठ काही हलत नाही. तलाव भरलेला असताना आपल्या पंपाला १४ मीटर हेड, आटल्यावर १८. काकूंना वाटलं कमी उचलायचं म्हणजे मोटरला आराम. नाही, उलटं होतं. हेड कमी झालं की असा पंप जास्त पाणी टाकतो आणि मोटर जास्त करंट ओढते. पाणी भरपूर असतानाच मोटर जळाली, असं जे ऐकू येतं त्यामागं बहुतेक वेळा हेच असतं. मोटर दोन्ही टोकं धरून निवडायची.

"आमची मोटर हवा पकडते," काकू मध्येच म्हणाल्या. तराफ्यावरचीही पकडते. पंपाचं तोंड पाण्यात पुरेसं खोल नसेल तर वर भोवरा तयार होतो, मोरीत पाणी जाताना होतो तसा, आणि त्या भोवऱ्यातून हवा आत. सेकंदाला १०४ लिटर घेणाऱ्या ३५ सेंटिमीटर तोंडाला वर निदान ८०-८५ सेंटिमीटर पाणी हवं. खाली गाळ खवळू नये म्हणून आणखी मीटरभर मोकळं. तोंड फार वर ठेवलं तर शेवाळ आणि जलपर्णी, फार खाली ठेवलं तर गाळ आणि वास. मधला थर बरा. भोवती जाळीचा पिंजरा लागतोच, आणि त्याचं क्षेत्र ऐसपैस ठेवायचं, नाहीतर रोज कोणाला तरी पाण्यात उतरून प्लास्टिकच्या पिशव्या काढाव्या लागतात. बडोद्याच्या आसपास हे काम करायला कोणी आनंदानं तयार होत नाही. आजव्यातही मगरी आहेत आणि सपाट, कोरडा तराफा म्हणजे त्यांना ऊन खायला आयती जागा. कठडा फळीपर्यंत खाली आणायचा, फट ठेवायची नाही.

विजेबद्दल थोडक्यात. पॅनल काठावर, तराफ्यावर फक्त बंद करायचं बटण. गळती झाली की क्षणात तोडणारं ईएलसीबी, आणि पाइपापेक्षा जास्त सैल सोडलेली केबल, म्हणजे काही ओढलं गेलंच तर पाइप आधी ताणला जाईल, केबल नाही.

वीज अचानक गेली की पाइपातलं पाणी थांबून उलटं धावतं आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर, म्हणजे पाणी मागं येऊ न देणाऱ्या झडपेवर, आदळतं. १.६५ मीटरनं धावणारं पाणी एका झटक्यात अडलं तर लोखंडी पाइपात दाब १६० मीटरच्या वर उसळू शकतो, एचडीपीईत पन्नासच्या आसपास, कारण तो जरासा फुगून धक्का पोटात घेतो. काळा प्लास्टिकचा पाइप दिसतो गरीब, पण इथं तोच शहाणा.

काकूंनी कागदावरची चित्रं उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे तुझा हा तराफा तलाव तळापर्यंत रिकामा करणार?"

नाही करणार. तोंडावरचं पाऊण-एक मीटर, खालचं एक मीटर, म्हणजे दोन मीटरच्या आत खोली आली की तोही थांबतो. पसरट तलावात ते दोन मीटर खूप मोठ्या भागावर पसरलेले असतात, आणि बागेतून बघणाऱ्याला पाणीच पाणी दिसतं.

"मग पुढच्या मे महिन्यात मी परत विचारेन," असं म्हणून काकू उठल्या. पाण्याची वेळ झाली होती, खालची टाकी भरायची होती.